पहिलं पाणी हलकं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वय २७, बी.कॉम., यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं गाव. पुण्याच्या एका खाजगी ऑफिसात साडेतीन वर्षं हिशेबाचं काम केलं. तिथले साहेब रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमच्या चुका टाकायचे, सकाळी एक सांगून संध्याकाळी 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायचे, आणि तुमच्या वऱ्हाडी 'मले-तुले'ची सगळ्यांसमोर नक्कल करायचे. आठ महिन्यांपूर्वी राजीनामा देऊन गावी आलात. मागच्या महिन्यात अमरावतीहून मुलाखतीचा निरोप आला. तुम्ही दारव्ह्याच्या स्टँडवर जाऊन बसलात, एसटी लागली, सुटली, आणि तुम्ही घरी परत आलात. आता अनोळखी नंबर दिसला की हात थरथरतात. शेवटी विचारलंय, "माझा आत्मविश्वास परत कसा आणू? मी इतकी कमजोर कशी निघाले?"

वयानं तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असाल, पण ओळख नाही म्हणून अहो-जाहोच करते. यवतमाळ, वर्धा, अमरावती या पट्ट्यात मी सतरा वर्षं समुपदेशनाचं काम करते. थोडं ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत, थोडं शिबिरांत, आणि बरंचसं लोकांच्या ओसरीत बसून.

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यात अडकलंय. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: "तीन मार्चएंड मीच काढले, पण ते काय, कुणीही काढलं असतं." हे वाक्य तुमचं नाही, त्या ऑफिसाचं आहे. आपल्याकडे खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, दारात येतो तेव्हा काय होतं, ते तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल. घरी मोजलेला कापूस त्याच्या काट्यावर कमी भरला तर माणूस पहिल्या दिवशी भांडतो. तोच माल रोज, साडेतीन वर्षं, कमीच भरत राहिला तर एक दिवस वाटायला लागतं की आपल्याच घरचा काटा बिघडलेला आहे. तुमचं तेच झालंय. कामाची अक्कल कुठे गेलेली नाही. आपलं काम बरं झालं की वाईट, हे ठरवणारं माप मात्र तुम्ही त्या माणसाकडे सोडून आलात, आणि अजूनही त्याच्याच काट्यावर रोज स्वतःला तोलताय.

ही झाली एक गाठ. दुसरी गाठ स्टँडवरची. एसटी सुटली आणि तुम्ही गावाकडे वळलात, तेव्हा छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं असेल. ते वाटणं खरंच असतं, आणि तिथेच घात होतो. टाळलं की लगेच सुटका मिळते, म्हणून मन पुढच्या वेळी आणखी लवकर टाळतं. आधी फोन, मग मुलाखत, मग तुम्हीच लिहिलंय की चुलत बहिणीच्या लग्नालाही गेला नाहीत. लग्नात तर साहेब नव्हते! पण टाळण्याला कुंपण नसतं, ते गाजरगवतासारखं धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वावरात येतं. त्यामुळे 'आत्मविश्वास कसा आणू' हा प्रश्न मी थोडा बदलून घेते: माप परत हातात कसं घ्यायचं, आणि टाळणं मागे कसं हटवायचं. आत्मविश्वास ही त्यानंतर येणारी गोष्ट आहे. तो आधी येईल आणि मग मी एसटीत चढेन, अशी वाट पाहणारे फार लोक मी पाहिलेत. वाट पाहण्यातच त्यांची दोन-दोन वर्षं गेली.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगते. तुम्ही झोपेबद्दल काही लिहिलेलं नाही. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर नुसत्या माझ्या लिहिण्यावर राहू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सरकारी दवाखान्यात तपासणी होते, औषधं मिळतात. 'जगून काय उपयोग' असे विचार येत असतील तर आजच १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर बोला. ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. अनोळखी माणसाशी फोनवर बोलणंच तर जमत नाही, हे मला ठाऊक आहे. मग वहिनीला नाहीतर आईला नंबर लावायला सांगा आणि शेजारी बसा. त्यात कमीपणा नाही. दुसरं म्हणजे घर. घरचेच दिवसभर टोचत असतील तर खाली लिहिलेलं अर्ध्या वेगानं होईल हे धरून चाला. आणि पैशाची तातडी किती, यावर वेग ठरेल. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे, त्याला मी 'सावकाश घ्या' म्हणू शकत नाही. तुमच्या लिहिण्यावरून तशी तातडी दिसत नाही, म्हणून सावकाशीचा रस्ता सांगते.

आता त्यामागचं कारण. १९६७ मध्ये अमेरिकेत सेलिगमन आणि मायर या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आज वाचताना ते क्रूर वाटतात. काही कुत्र्यांना असे विजेचे धक्के दिले, की कुत्र्यानं काहीही केलं तरी ते थांबत नव्हते. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे बुटकं आडवं फळकूट ओलांडलं की सुटका होती. त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी उडी मारलीच नाही, तिथेच पडून राहिले. याला शिकलेली असहायता म्हणतात. यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, त्या कुत्र्यांना पुढे कशानं फरक पडला? खाऊ दाखवून, चुचकारून भागलं नाही. पट्ट्याला धरून पलीकडे ओढत न्यावं लागलं, पुन्हा पुन्हा, आणि मग ती आपली आपण उडी मारायला लागली. दोन, पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी लिहिलं की आपण तेव्हा उलटं समजलो होतो. लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं हे मेंदूचं मूळचंच वागणं आहे, ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते 'माझ्या करण्यानं फरक पडतो' हे.

मला हे वाचून फार हलकं वाटलं होतं, कारण समोर बसलेल्या माणसाला मी तेव्हापासून हे सरळ सांगू शकते: तुम्ही थिजलात, यात तुमचा काही दोष सिद्ध होत नाही. साडेतीन वर्षं सकाळची सूचना संध्याकाळी खोटी ठरत असेल, तर कोणतं काम केल्यानं शिव्या चुकतील हे कळायला जागाच उरत नाही. असं कुणाचंही होतं.

बॅन्ड्युरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये मांडलेली गोष्ट मी रोज वापरते. 'हे मला जमेल' ही खात्री चार वाटांनी येते, असं तो म्हणतो: स्वतः करून पाहिल्यानं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिल्यानं, लोकांनी सांगितल्यानं, आणि अंगातली धडधड आपण कशी वाचतो त्यावरून. सगळ्यांत दमदार पहिली. आपल्या घरांत मात्र तिसरीचाच मारा असतो. "बापा, तू त किती हुशार, काहून घाबरते?" माय-बाप मायेनंच म्हणतात, पण ऐकणाऱ्याला वाटतं की यांना माझं कळतच नाही. कौतुक चुकीचं नसतं. नुसत्या कौतुकावर कुणी एसटीत चढत नाही, एवढंच.

करून पाहायचं म्हणजे काय, ते एका मुलावरून सांगते. ओळखू येईल असे तपशील बदललेत. हा मुलगा कर्जवसुलीच्या कामावर होता. रोज संध्याकाळी सात वाजता वरचे साहेब सगळ्यांना एकाच कॉलवर घेऊन ज्याची वसुली कमी त्याला आईबहिणीवरून बोलायचे. काम सोडून घरी आला तेव्हा त्याची वहिनी त्याला माझ्याकडे घेऊन आली. फोन कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "तुरीच्या कोठीत." दुपट्ट्यात गुंडाळून, तुरीत खोल पुरून ठेवला होता. रिंग वाजली तरी ऐकू येऊ नये म्हणून.

पहिल्या आठवड्यात आम्ही दोनच गोष्टी केल्या. रिंगटोन बदलली, आणि फोन कोठीतून काढून ओसरीतल्या खाटेवर ठेवला. रोज पाच वाजता वहिनी सैपाकघरातून त्याला फोन लावणार, आणि तो उचलणार. वेळ ठरलेली, आवाज ओळखीचा, अंतर वीस पावलं. पहिल्या दिवशी त्यानं उचलला आणि काही बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "भाऊजी, चहा ठेवला, येऊन राहिले का?" तो हसला. वहिनीनंच मला हे सांगितलं. सांगताना तिला किती दिवसांनी तो हसला तेही आठवत होतं.

दुसऱ्या आठवड्यात फोन त्यानं लावायचा होता, कृषी केंद्रात, युरियाची गाडी आली का एवढंच विचारायला. त्याआधी शाळेच्या वहीत दोन रकाने आखायला सांगितले. डाव्या बाजूला, काय होईल असं वाटतं. उजव्या बाजूला, काय झालं. डावीकडे त्यानं लिहिलं: "चिडन. काहून फोन केला म्हणन." उजवीकडे: "सोमवारी येते म्हणाला. ३५ सेकंद." पस्तीस सेकंद हे त्यानं आपल्या मनानं लिहिलं, मी सांगितलं नव्हतं. पुढे मी माझ्या रुग्णांना तोही आकडा लिहायला लावते, कारण ज्या फोनची सकाळपासून धास्ती घेतली तो अर्ध्या मिनिटात संपतो, हे आपल्या अक्षरात वाचायला मिळतं.

सहाव्या आठवड्यात जुन्या कंपनीतून हिशेब पूर्ण करायला फोन आला आणि फोन चार दिवस पुन्हा कोठीत गेला. हे होतंच. त्यावेळी मी त्याला एवढंच म्हटलं की वहिनीपासून नको, कृषी केंद्रापासून धरू. अनोळखी नंबर बिनधास्त उचलायला त्याला चार महिने लागले.

ही वहीच तुमचा नवा काटा आहे. 'आज मला किती आत्मविश्वास वाटला' हे त्यात लिहू नका. तो आकडा झोपेवर, पाळीवर, घरच्या बोलण्यावर खालीवर होतो. जे टाळत होते त्यातलं आज काय केलं, तेवढंच लिहा. डाव्या आणि उजव्या रकान्यातली तफावत महिनाभर साठली की त्या साहेबांचं माप किती खोटं होतं हे तुम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही हिशेबाच्याच माणूस आहात, ताळेबंद वाचता येतो.

धडधडीबद्दल दोन शब्द. फोन लावण्याआधी छाती धडधडली तर ती थांबायची वाट पाहू नका. पाय जमिनीला टेकवा, श्वास आत घेताना चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत, असं चारपाच वेळा, आणि धडधडत असतानाच फोन लावा.

आता माझी एक चूक सांगते. कामाला लागून मला तीनेक वर्षं झाली होती. वरुडकडची एक मुलगी माझ्याकडे यायची, तुमच्यासारखीच, कामाच्या ठिकाणी पार चेपून आलेली. दोन महिन्यांत ती बरी बोलायला लागली, आणि मला घाई झाली. नागपूरला मुलाखत होती; मी म्हटलं, जाऊन तर ये, होऊन होऊन काय होईल. ती गेली, तिथल्या खोलीत तीन माणसं समोर पाहून तिला बोलताच आलं नाही, बाहेर येऊन ओकली. त्यानंतर तीन महिने ती घराच्या बाहेर पडली नाही. तिच्या वडिलांना भेटायला गेले तेव्हा ते संत्र्याच्या बागेत होते. मला वाटलं रागावतील. ते रागावले नाहीत. झाडाच्या आळ्यात बसून मला आंबिया बहार, म्हणजे संत्र्याला तो मोहोर कसा आणतात, ते समजावून सांगितलं. हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. मग जानेवारीत ताण सोडताना एकदम भरपूर पाणी देत नाहीत. पहिलं पाणी हलकं, त्याला आंबवणी म्हणतात. दुसरं चिंबवणीचं. त्यानंतर नेहमीचं. "तुम्ही एकदमच पाण्याचा दांड फोडला, ताई," असं म्हणाले.

मला मानसशास्त्राच्या पुस्तकात ही गोष्ट इतकी नीट कधी सापडली नव्हती. आणखी एक त्यांनी सांगितलं, ते तुम्हाला 'सोसलं की माणूस घडतो' म्हणणाऱ्या मंडळींसाठी उपयोगी पडेल. ताण देण्याला मुदत असते. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त, आणि मालक रोज पानं पाहत असतो. पाणी द्यायचं विसरून गेलेल्या बागेला कुणी ताण दिला म्हणत नाही. तुमच्या साहेबांनी पानं पाहिली नाहीत. तुम्ही त्यातून 'घडलात' असं मी म्हणणार नाही. तुम्ही त्यातून निघालात, वेळेवर नाही पण निघालात, आणि राजीनामा लिहिणं हे त्या साडेतीन वर्षांतलं एकमेव काम असेल जे त्यांच्या मापानं केलेलं नव्हतं.

तर तुमची आंबवणी कोणती? अमरावतीची मुलाखत तर नाहीच. मी गावातलंच काम सुचवते, कारण त्याचा निकाल त्याच दिवशी दिसतो. तुमच्या गावात 'उमेद' या सरकारी अभियानाचे बायांचे बचत गट असतीलच. गटांच्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र लेखे लिहिण्याचं आहे, आणि बहुतेक गटांचं गाडं तिथेच अडतं. एका गटाची वही तीन महिन्यांसाठी घ्या. आठवड्याला एक बैठक, दहा बाया, हातात रोकड, आणि शेवटी बेरीज जुळते किंवा जुळत नाही. त्यात कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. दुसरं काम घरच्याच शेताचं. पेरणीपासून विक्रीपर्यंत एका एकराचा खरा खर्च मांडा: बियाणं, डवरणी, निंदण, फवारणी, वेचाई, गाडीभाडं. बाबांना हा आकडा कदाचित आयुष्यात पहिल्यांदा दिसेल. तिसरं, शेजारच्या दोनचार जणांची मोबाइलवर ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी अ‍ॅपवर पिकाची नोंद, करून द्या. ती वावरात उभं राहूनच करावी लागते, त्यामुळे घराबाहेर पडणं आपोआप होतं. तिला मुदत असते, हे बऱ्याच जणांना वेळ गेल्यावर कळतं. गावात एक माणूस ते वेळेत करून देणारा असला की त्याला किंमत येते.

पण इथे एक धोका आहे. पंधरा दिवसांत तुम्ही गावाच्या फुकट ऑपरेटर व्हाल. जेवायला बसलात की कुणी सातबारा घेऊन उभा राहील. चेपलेल्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, आणि त्या ऑफिसातही तुमचं बरंचसं त्यातच गेलं असेल. म्हणून वेळ ठरवा, सकाळी नऊ ते अकरा, आणि त्यानंतर आलेल्याला सांगा, "काका, उद्या नऊला या नं." पहिल्यांदा म्हणाल तेव्हा पोटात खड्डा पडेल. वहीत लिहा: 'काका रागावतील.' दुसऱ्या दिवशी नऊला काका येतील की नाही, ते उजवीकडे लिहा. मला तर वाटतं बचत गटाच्या बेरजेपेक्षाही या एका ओळीचा तुम्हाला जास्त उपयोग होईल.

गावाच्या नजरेचं काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण लग्नाला न जाण्यात तेच होतं. पुण्याहून परत आलेली पोरगी म्हणजे दळणाच्या रांगेत आठवडाभराचा विषय. "लेक काहून आली व परत?" याला लांब उत्तर दिलं की त्यातूनच आणखी तीन प्रश्न निघतात. एक ओळ पाठ करा आणि तीच सगळ्यांना सांगा: "तिथलं काम सोडलं, आता इकडेच पाहून राहिली." एवढंच, आणि लगेच समोरच्याच्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, विचारा. खरी हकीकत मात्र एका माणसाला पूर्ण सांगा. हवाई बेटांच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. सगळीकडून अडचणीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण तिसरा हिस्सा तरीही नीट उभा राहिला, आणि त्या मुलांत सारखी दिसणारी एक गोष्ट म्हणजे त्यांच्यावर भरवसा ठेवणारं एक तरी मोठं माणूस. एक पुरतं. तुमच्या लिहिण्यात वहिनीचं नाव तीनदा आलंय. तिला सांगितलंय का?

घरच्यांना ही तुमच्या मनाची गोष्ट वाटेल, पण कागदांचीही एक बाजू आहे. पीएफ कापला जात होता का? कंपनीनं सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता; त्यासाठी तिथल्या कुणाशी बोलावं लागत नाही. पगार थकलेला असेल तर कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. अनुभवाचं पत्र मिळालं नसेल तर फोन नको, ई-मेल करा, आणि पाठवताना वहिनीला शेजारी बसवा. त्रासात लैंगिक स्वरूपाचं काही असेल, तर २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, त्याहून लहान असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. पण तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे, कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात, आणि तुम्हाला आठ महिने झालेत. म्हणून तसं असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. नुसता अपमान आणि नक्कल याची दाद मागणं अवघड जातं. हे लिहायला मला आवडत नाही, पण खोटी आशा लावून तुम्हाला आणखी एक वर्ष त्या माणसाशी बांधून ठेवायचं नाही.

मी स्वतः एका संस्थेत होते. सचिव माझा अहवाल बैठकीत मोठ्यानं वाचायचे आणि एकेका वाक्याला थांबून लोकांकडे पाहायचे. सोडल्यावर दोन वर्षं मी साधं पत्रसुद्धा सहा वेळा लिहीत होते. एक दिवस माळ्यावरून जुनं रजिस्टर काढलं, त्या काळातलं, माझ्याच हातचं. शंभरावर घरभेटी, तारखा, पुन्हा गेल्याच्या नोंदी. मी पायरीवर बसून ते पूर्ण वाचलं. कुणाला दाखवलं नाही. तुमच्याकडे तीन मार्चएंड आहेत. त्यातलं जे तुमच्या डोक्यात आहे, कोणती जुळवणी अडली होती, ती कशी सोडवली, हे आकडे आणि नावं न घालता वहीच्या पहिल्या चार पानांवर लिहून काढा. बायोडाटाही त्यातूनच निघेल.

इथपर्यंतचं एकदा लावून घेऊ: आधी झोप-जेवण तपासा आणि लागलं तर डॉक्टर, मग वही, मग ठरल्या वेळी वहिनीचा फोन, मग कृषी केंद्राचा, बरोबरीनं गटाचं लेखन आणि 'उद्या नऊला या'. साधारण दोनअडीच महिन्यांनी चिंबवणी. म्हणजे एकदा नुसतं अमरावतीला जाऊन या, मुलाखत नाही, काही नाही. एसटीत बसा, राजकमल चौकात चहा प्या, परत या. दारव्ह्याचा स्टँड तुमच्यासाठी पुन्हा साधा स्टँड व्हायला पाहिजे. मग पुढच्या वेळी मुलाखत. तिथे तुम्हीही विचारा: आधीच्या माणसानं काम का सोडलं, रात्री मेसेज येतात का, चूक झाली तर कोण आणि कुठे सांगतं? उत्तर देताना समोरचा कचरला तर तेही वहीत लिहून आणा. आणि पहिल्या तीन पगारांतून महिनाभराचा खर्च बाजूला काढा, कारण सोडून निघता येईल एवढे पैसे खिशात असले की माणूस पहिल्याच अपमानाला वेगळं उत्तर देतो. पुण्यात तुमच्याजवळ ते नव्हते, हे तुम्हीच लिहिलंय.

कोणत्या मोसमात सुरुवात करायची हेही पाहा. पेरणीच्या धांदलीत नको. वहिनीलाही पाच वाजता फोन लावायला फुरसत नसेल. दुबार पेरणीची वेळ आली तर घरात कुणाला कुणाचं ऐकायला होत नाही. पोळा झाला की बरं.

एक काम मात्र पोळ्याची वाट न पाहता करा. अमरावतीच्या ज्या ऑफिसनं बोलावलं होतं त्यांना ई-मेल लिहा. त्यांनी परत बोलवावं म्हणून नव्हे. ती एसटी तुमच्या डोक्यात अजून सुटतेच आहे, म्हणून. चारच ओळी पुरेत. मसुदा देते, हवा तसा बदला:

"महोदय, मागच्या महिन्यात आपण मला लेखा सहायक पदाच्या मुलाखतीसाठी बोलावलं होतं. त्या दिवशी मी येऊ शकले नाही आणि तसं कळवायचंही राहिलं, त्याबद्दल दिलगीर आहे. मला हिशेबाच्या कामाचा साडेतीन वर्षांचा अनुभव आहे आणि तीन आर्थिक वर्षांची अखेर मी स्वतः काढली आहे. पुढे जागा निघाल्यास माझा विचार व्हावा, ही विनंती."

'पण ते काय, कुणीही काढलं असतं' हे त्यात घालू नका.